भाकरीचा भाव आणि सरकारचे कोठार

धान्याचा भाव सरकारने ठरवावा की बाजारावर सोपवावा, हा वाद राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. या वादात आपल्याकडील सुशिक्षित मंडळी बहुधा दोन पक्षांत वाटली जातात. एका पक्षास सरकारी हुकूम ही सर्व रोगांवरील रामबाण मात्रा वाटते; दुसऱ्यास सरकारने व्यापारात हात घालणे हेच सर्व रोगांचे मूळ वाटते. आमच्या मते दोन्ही पक्ष हुकुमाकडेच टक लावून बसतात, आणि त्या हुकुमाच्या पाठीशी काय आहे हे पाहावयाचे विसरतात. हे मत केवळ तर्कावर उभारलेले नाही. वऱ्हाड प्रांताने, त्यातही अमरावती व अकोला या जिल्ह्यांनी, गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची बहुतेक सर्व उत्तरे स्वतःच्या पोटावर सोसून पाहिली आहेत. तो इतिहास वाचकांपुढे संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भावनियमनाचा युरोपातील प्रसिद्ध दाखला पावाचा आहे. इंग्लंडात इ. स. १२६६ च्या सुमारास, तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, पाव व बीअर यांविषयी एक कायदा झाला. त्याची योजना मोठी चतुर होती. पावाची किंमत कायम ठेवावयाची आणि गव्हाचा भाव चढेल-उतरेल तसे पावाचे वजन कमी-अधिक करावयाचे, असा तो नियम होता. गरिबाने एक पेनी टाकली की त्यास पाव मिळे; मात्र महागाईत तो लहान असे आणि स्वस्ताईत मोठा. वजनात लबाडी करणाऱ्या भटारखानेवाल्यास दंड होई, आणि वारंवार लबाडी केल्यास भरचौकात खोड्यात उभे राहावे लागे. हा कायदा साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ टिकला. लंडन शहरापुरता तो १८२२ साली आणि उरलेल्या देशात १८३६ साली रद्द झाला. पुढे १८४६ साली परदेशी धान्यावरील जबर जकातही तेथे उठली, आणि खुला व्यापार हाच धर्म होय असे मानणारी पिढी राज्यकारभारावर आली.

आमच्या देशासही हा विषय नवा नव्हता. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्यास घेऊ द्यावा असे सांगितले आहे. पण तेवढ्यावर न थांबता राजाच्या कोष्ठागारातील निम्मा साठा प्रजेच्या आपत्काळासाठी राखून ठेवावा, असेही त्याने बजावले आहे. नफ्याची मर्यादा व धान्याचा साठा या दोन गोष्टी त्याने जोडीनेच ठेविल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दुसरे नाव अल्लाउद्दीन खिलजीचे. सन १२९६ मध्ये तो एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपुरावरून, देवगिरीवर चालून गेला, ही गोष्ट वऱ्हाडी वाचकांस ठाऊक असेलच. पुढे दिल्लीचे तख्त मिळाल्यावर त्याने तेथे धान्याचे भाव बांधून दिले. मणभर गव्हास साडेसात जितल हा भाव बखरकार जियाउद्दीन बरनी याने नोंदला आहे. बाजारावर अधिकारी नेमला, गुप्त हेर नेमले, कमी तोलणाऱ्यांस क्रूर शिक्षा दिल्या. या शिक्षांचीच चर्चा पुष्कळ होते. परंतु त्याने गंगा-यमुनेच्या दुआबातील सारा रोकडीऐवजी धान्याच्या रूपाने घेऊन सरकारी कोठारे भरली, आणि धान्य वाहणाऱ्या तांड्यांस यमुनाकाठी वसवून बाजारास बांधून घेतले, ही त्याच्या यशाची खरी गुरुकिल्ली होय. पाऊस चुकला तरी भाव हलत नसे, तो चाबकाच्या धाकाने जितका, तितकाच कोठाराच्या बळाने. १३१६ साली सुलतान मेला आणि त्याच्याबरोबर ती व्यवस्थाही मावळली.

आता वऱ्हाडाकडे वळू. वऱ्हाडची भाकर ज्वारीची. कसदार काळ्या जमिनीत ज्वारी भरपूर पिके, आणि सुगीनंतर उरलेले धान्य पेवात जाई. जमिनीत खोल खणलेले हे पेव म्हणजे गावाचे कोठारच. एक-दोन वर्षे पाऊस रुसला तरी पेव उघडून गाव तग धरी. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे नाही. पेव ज्याचे, त्याच्या दारी गरिबास हात पसरावा लागे. तथापि धान्य गावातच असे, एवढे तरी समाधान होते. धान्याच्या व्यापाराचे महत्त्वही या भागात जुनेच. पेंढाऱ्यांपासून सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ साली अमरावतीभोवती जो परकोट बांधावयास घेतला, त्याच्या एका मोठ्या दरवाजाचे नावच भुसारी दरवाजा असे होते.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. म्हणजे ज्या पिढीने आपल्या देशात पावाचा कायदा मोडला, त्याच पिढीच्या हाती हा प्रांत पडला. लौकरच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली. शेतात ज्वारीच्या शेजारी कपाशी सरसावली, हातात रोकड खुळखुळू लागली. पण रोकड आली तसे धान्य साठविण्याचे अगत्य कमी झाले. पेव रिते पडत चालले, आणि भाकर पेवातून न निघता बाजारातून येऊ लागली.

बाजाराविषयी सरकारचे धोरण ठरलेले होते. १८८० च्या दुष्काळ-आयोगाने खाजगी व्यापारात सरकारने सहसा ढवळाढवळ करू नये हे तत्त्व पक्के केले. १८८३ नंतर जे दुष्काळी नियम तयार झाले, त्यांत उपाशी लोकांस काम द्यावे आणि धान्याच्या चालू भावावरून हिशेब करून मजुरी द्यावी, असे ठरले. यातील विचित्रपणा वाचकांच्या लक्षात येईल. भाव चढला की मजुरी वाढवावयाची, पण भावास मात्र हात लावावयाचा नाही. आणि बाजारात धान्यच नसेल तर हातातील पैशाचे काय करावयाचे, या प्रश्नास त्या नियमांत भरवशाचे उत्तर नव्हते. १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा, ज्यास आमचे वडीलधारे संवताच्या आकड्यावरून छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो कोसळला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लक्ष ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लक्ष ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी १ लक्ष ४३ हजारांची तूट आली. सर्वच माणसे भुकेने मेली असे नव्हे. पटकी व ताप यांनीही आपला वाटा उचलला. पण रिकाम्या पोटी रोग लौकर शिरतो, हे सांगावयास वैद्य नको.

याच सुमारास वऱ्हाडात एक असे काम झाले की ज्याचे अनुकरण पुढे साऱ्या हिंदुस्थानाने केले. कारंजे (लाड) हे गाव पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. तेथे १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरावी, कमिटी नेमावी, अडते, दलाल व मापारी यांस परवाने असावेत, मनमानी कटती बंद व्हावी, असा त्याचा रोख होता. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होणारी लूट काही अंशी तरी त्याने आटोक्यात आली. १९२८ साली शाही कृषि-आयोगाने इतर प्रांतांनीही असे बाजार स्थापावे अशी शिफारस केली, ती वऱ्हाडचा अनुभव समोर ठेवूनच. परंतु कायद्याच्या नावात धान्य हा शब्द असला तरी त्याचा जीव कापसात होता. ज्या वर्षी लोक भाकरीस मोताद झाले त्याच वर्षी सरकारने माप नेमस्त केले, भाव मात्र मोकळा सोडला. तराजू खरा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण रिकाम्या पारड्याचा खरेपणा उपाशी माणसास काय होय?

खुल्या व्यापाराचा तो धर्म दुसऱ्या महायुद्धात त्याच सरकारला सोडावा लागला. डिसेंबर १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारने गव्हाचा कमाल भाव बांधला. हुकूम निघाला, आणि गहू बाजारातून नाहीसा झाला. कारण सरकारच्या हाती बाजारात ओतावयास साठाच नव्हता. जानेवारी १९४३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. चौकशी-आयोगाने तो आकडा सुमारे १५ लक्ष धरला, आणि नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो याहूनही मोठा मानला आहे. तेव्हा कोठे धान्य खरेदी करून शिधापत्रिकेवर वाटण्याचे तत्त्व मान्य झाले. मुंबईत २ मे १९४३ रोजी शिधावाटप सुरू झाले, आणि पुढे इतर शहरांतूनही त्याचा विस्तार झाला. स्वातंत्र्यानंतर महात्मा गांधींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यास आरंभ झाला. भाव भडकले, आणि १९४८ च्या अखेरीस ती पुन्हा लादावी लागली. नियंत्रणातील लाचलुचपत व काळा बाजार यांविषयी गांधीजींचा संताप रास्त होता. चूक एवढीच झाली की कोठारे भरण्यापूर्वी दारे उघडली गेली. या साऱ्या प्रकरणाची एक खूण वऱ्हाडी बोलीत उरली आहे. रेशनच्या दुकानास तेथील लोक आजही 'कंट्रोल' असेच म्हणतात.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आले. वऱ्हाडातील पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असता १९६४-६५ च्या हंगामात महाराष्ट्र सरकारने ज्वारी व भात यांची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्याने जमिनीच्या मानाने लेव्ही द्यावी आणि सरकारने ती ठरल्या भावाने घेऊन दुकानांतून वाटावी, अशी ही योजना होती. शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी केल्या. आपल्या घामाची ज्वारी स्वस्तात उचलून शहरे पोसली जातात, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. तरी १९७२ चा भीषण दुष्काळ राज्यावर आला तेव्हा फरक दिसून आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर ५० लक्षांच्या आसपास मजूर होते. त्यांस मजुरी मिळाली, आणि दुकानात, बेचव का होईना, परदेशी लाल मिलोही मिळाली. हाल फार झाले, गुरे गेली. पण छप्पनसारखी माणसे मेली नाहीत. छप्पन साली मजुरी होती. या वेळी मजुरीच्या पाठीशी धान्यही होते.

या इतिहासाचा शेवटचा अध्याय अगदी अलीकडचा आहे. अमरावती-अकोल्याच्या शिवारात आता कपाशी व सोयाबीन यांचेच राज्य असून ज्वारी कोपऱ्यात सरली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन, गहू दोन व भरडधान्य एक रुपया किलो असे दर ठरले, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य पात्र कुटुंबांस मोफत मिळू लागले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत, ज्यांत अमरावती व अकोला दोन्ही येतात, २०१५ पासून या कायद्याबाहेरील शेतकरी कुटुंबांसही स्वस्त धान्य देण्यात आले. ज्वारीच्या माहेरी शेतकऱ्याने शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ घ्यावा, हे नवल खरेच. पण ते धान्य होते. २०२३ साली सरकारने त्या धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये रोख देण्याचे ठरविले. रोकडीत सोय आहे, चोरीस वाव कमी आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु भाव चढला की त्या रकमेतून येणारे धान्य आपोआप कमी होते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पेनी कायम राहून पाव आक्रसत असे. येथे रुपये कायम राहून भाकर आक्रसेल. फरक इतकाच की तेथे पाव किती आक्रसावा याचे वजन कायदा सांगत असे. येथे ते सांगणारा कोणी नाही.

हाच न्याय शेतकऱ्याच्या बाजूसही लागू आहे. १९६५ पासून सरकार किमान भाव जाहीर करीत आले आहे. पण ज्या गावी खरेदीचा काटा उभा राहात नाही, त्या गावी तो भाव कागदावरच राहतो. खाणाऱ्यासाठी कमाल भाव असो की पिकविणाऱ्यासाठी किमान भाव असो, माल घेण्यास आणि देण्यास सरकार स्वतः उभे राहिले तरच त्या आकड्यास अर्थ येतो.

तेव्हा भावनियमन बरे की वाईट, असा नुसता वाद घालण्यात आम्हांस फारसे हशील दिसत नाही. कोणताही भाव जाहीर झाला की नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा : या आकड्यामागे किती खंडी धान्य आहे आणि ते कोठे ठेविले आहे? वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर वऱ्हाडची ज्वारी वऱ्हाडातच रास्त भावाने विकत घेऊन तेथल्याच दुकानांतून तेथल्याच माणसांस द्यावी, म्हणजे पिकविणाऱ्यास भाव आणि खाणाऱ्यास भाकर, दोन्ही साधतील. पेवाचे दिवस परत यावयाचे नाहीत, आणि यावेत असेही आम्ही म्हणत नाही. पण गावाच्या भाकरीचा साठा गावाच्या जवळ असावा, हे पेव खणणाऱ्यांचे शहाणपण मात्र टाकून देण्यासारखे नाही.