ठेवायचा की काढायचा? टिफ्रॅक, परम आणि आमच्या घरचा डेस्कटॉप

चिपळूणच्या घरी २०११ साली घेतलेला एक डेस्कटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा आय३, २ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा बाबांनी आणि मी आधी त्याचा डबा उचलून माडीवर नेला. मॉनिटर आणि यूपीएस खालीच राहिले, ते गेले. या दिवाळीत मी म्हटलं, आता हा काढू या, सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. बाबा म्हणाले, "अरे, पुरातून वाचवला तो भंगारात द्यायला?"

मला थीसिसचे शेवटचे दोन चॅप्टर घरी बसून लिहायचे होते आणि फेलोशिप चार महिने रखडलेली. नवीन मशीन म्हणजे कमीत कमी पस्तीस-चाळीस हजार. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी भावनेचा नव्हता. आणि हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडे तो मोठ्या संस्थांनाही पडलेला आहे.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रंगास्वामी नरसिंहन यांच्या गटाने पन्नाशीच्या दशकात स्वतः कॉम्प्युटर बांधायला घेतला. आधी छोटं प्रायोगिक यंत्र, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं गेलं. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब, ४० बिटांचे शब्द आणि फेराइट कोअरची मेमरी. आजच्या हिशेबाने ती मेमरी दहा किलोबाइटच्या घरातली. त्या काळात हे यंत्र इथे उभं करणं सोपं नव्हतं. पण ते चालू झालं तोवर बाहेर ट्रान्झिस्टरची यंत्रं बाजारात आली होती. म्हणजे टिफ्रॅक जन्मालाच एक पिढी जुना होता.

आता करायचं काय? ट्यूबवर बेतलेल्या यंत्रात ट्यूब काढून ट्रान्झिस्टर बसवता येत नाहीत, सगळं सर्किटच वेगळं. मेमरी थोडी वाढवली तरी वेग तोच राहणार. शेवटी १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आला. ४८ बिटांचे ३२ हजारांवर शब्द, आणि सोबत फोरट्रान. मला यातलं फोरट्रान जास्त महत्त्वाचं वाटतं. टिफ्रॅकवर काम करायचं तर यंत्राच्या भाषेशी झुंजावं लागे. फोरट्रान आल्यावर संस्थेबाहेरचे संशोधकही पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन येऊ शकले. टिफ्रॅक वाया गेला म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. ज्या हातांनी तो बांधला त्यांना कॉम्प्युटर आतून कळला होता. तयार मशीन विकत घेऊन ते ज्ञान मिळालं नसतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. शेकडो चिपा एकमेकींना जोडायच्या आणि काम वाटून द्यायचं, अशी रचना. अशा रचनेत अपग्रेड सोपं असतं. परम ८६०० मध्ये इंटेलचे आय८६० प्रोसेसर घातले. आकडेमोड ते करत आणि ट्रान्सप्यूटर मुख्यतः निरोप्याचं काम करत. जुनं फेकलं नाही, त्याचं काम बदललं. पण इन्मॉसची पुढची चिप, टी९०००, रखडत गेली. मग परम ९००० मध्ये ट्रान्सप्यूटरची वाट सोडून सुपरस्पार्क प्रोसेसर घेतले. पुरवठादाराची वाटच बंद पडली तर अपग्रेडचा विचार कितीही चांगला असून उपयोग नाही.

आता घरी. तुमच्याकडेही असं जुनं मशीन असेल तर आधी मोजा, मग बोला. जीन अमडालने १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद इथे चपखल बसतो: कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करत नाही, तोच शेवटी तुम्हाला अडवतो. माझं एक विश्लेषण त्या डेस्कटॉपवर ४० मिनिटं घ्यायचं. टास्क मॅनेजर उघडून बसलो. जवळजवळ ३० मिनिटं डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, कारण हजारो छोट्या फाइली वाचायच्या होत्या. खरी आकडेमोड १० मिनिटांची. तिप्पट वेगाचा प्रोसेसर आणला असता तर ३० अधिक साधारण साडेतीन, म्हणजे ३३ मिनिटं. एसएसडीने वाचन दहापट वेगवान केलं तर ३ अधिक १०, म्हणजे १३. कागदावरचा हा हिशेब पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी प्रोसेसरला शिव्या देत होतो.

एसएसडी आणि ८ जीबी डीडीआर३ रॅम मिळून साडेतीन हजारांत बसलं. प्रत्यक्षात १५ मिनिटं लागतात. चालेल.

पण टी९०००ची गोष्ट इथेही आहेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही. म्हणून मी लिनक्स टाकलं. माझा सगळा कोड पायथनमध्ये असल्यामुळे ते निभावलं. तुमच्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर हा मार्ग तुम्हाला बंद आहे, मग पैसे साठवायला लागा. एसएमपीएस चौदा वर्षांचा आहे, कोकणातल्या दमट हवेत त्याचा भरवसा किती धरायचा? म्हणून डेटाची एक प्रत लॅबमध्ये, दुसरी जुन्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क माडीवरच्या कपाटात.

मदरबोर्ड गेला की यावर एक रुपयाही घालायचा नाही, असं बाबांशी ठरवून घेतलंय. त्यांनी मान हलवली. ती 'हो' म्हणून हलवली की नाही, ते मदरबोर्ड गेल्यावर कळेल.