छावणी आणि धर्मग्राम : नागपूर-वऱ्हाडातील कॅथलिक सैनिकांची पाळकीय सेवा

प्रस्तावना

सैनिकांच्या धर्मसेवेचा विचार बहुधा पलटणींच्या इतिहासात ओघाने येतो. प्रस्तुत लेखात कामठी, एलिचपूर (अचलपूर) व अमरावती यांच्या आधारे असे मांडावयाचे आहे की, या प्रदेशात कॅथलिक सैनिकाच्या पाळकीय सेवेचा भार सैन्ययंत्रणेपेक्षा स्थानिक धर्मसंस्थेनेच अधिक वाहिला.

कामठी : गरज आणि उणीव

सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) भोसल्यांच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज स्थिरावली आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. ही फौज मद्रास सैन्याची होती. कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता. पापनिवेदन, मिस्सा व मरणासन्नाचा तैलाभ्यंग हे संस्कार कॅथलिक मतानुसार दीक्षित धर्मगुरूवाचून होत नाहीत. त्यामुळे पटकीने वा मोहिमेत मरणाऱ्या शिपायाला अँग्लिकन पाद्री हा पर्याय नव्हता. सरकारी धर्मखात्यातील पगारी पदे मात्र मुख्यतः अँग्लिकन व स्कॉटिश चर्चकडे होती. ही उणीव मिशनने भरून काढली. १८४५ मध्ये सव्हॉय प्रांतातील आनसी येथून सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणम मिशनसाठी पाठविण्यात आले. कामठी त्याच मिशनच्या क्षेत्रात होती. पुढे १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

वऱ्हाड : वेगळी वाट

१८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जेंटच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले. एलिचपूर हे या फौजेचे ठाणे होते. परंतु तिचे अधिकारी युरोपीय, तर शिपाई भारतीय होते. साहजिकच कामठीप्रमाणे गोऱ्या पलटणींच्या आधारावर येथे मंडळी उभी राहणे शक्य नव्हते. ती स्थानिक लोकांतच उभी करावी लागली. १९०३ मध्ये कंटिन्जेंट भारतीय सैन्यात विलीन झाले. १९५५ मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत स्थापन होऊन जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले बिशप झाले.

स्वातंत्र्योत्तर स्थिती

१९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सैनिकांसाठीच्या स्वतंत्र धर्मप्रांतांची नवी घटना जाहीर केली. भारतात असा लष्करी धर्मप्रांत नाही. भारतीय सैन्यात धर्मशिक्षकांची पदे आहेत. ती कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्याच्या दर्जाची असून त्यांत पंडित, ग्रंथी व मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही असतो. परंतु पाळकीय अधिकार स्थानिक बिशपकडेच राहतो. या व्यवस्थेत सैनिक नागरी मंडळीपासून तुटत नाही, हा लाभ होय. उलट मिश्र तुकडीतील मोजक्या कॅथलिक जवानांना जवळच्या धर्मग्रामावर विसंबावे लागते आणि प्रत्येक बदलीनंतर नवा पाळक शोधावा लागतो, ही तिची मर्यादा होय.

निष्कर्ष

कामठीत छावणीने धर्मगुरूला बोलावले; वऱ्हाडात धर्मसंस्थेला छावणीबाहेर मूळ धरावे लागले. पलटणी बदलल्या, सत्ता बदलली. टिकला तो धर्मग्राम. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने लष्करी दप्तरांइतकेच धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा व दफन नोंदवह्यांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.