खुब्याच्या अस्थिभंगानंतरचे गृहपुनर्वसन

खुब्याच्या अस्थिभंगानंतरचे गृहपुनर्वसन म्हणजे खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध व्यक्तीला रुग्णालयातून घरी आल्यावर पुन्हा उभे राहता, चालता आणि स्वतःची नित्यकर्मे करता यावीत यासाठी घरातच केले जाणारे उपचार, व्यायाम व व्यवस्था. यात भौतिकोपचार (फिजिओथेरपी), चालण्याच्या साधनांचा वापर, घराच्या रचनेतील बदल, आहार, औषधे आणि पुन्हा पडू नये यासाठीची काळजी यांचा समावेश होतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रुग्ण पूर्ववत चालू लागेल की अंथरुणाला खिळेल, हे बऱ्याच अंशी त्यानंतरच्या काही महिन्यांत ठरते.

अस्थिभंगाचे स्वरूप

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कटिरास्थीच्या खोबणीत बसून खुब्याचा सांधा तयार होतो. वृद्धांमध्ये सामान्यतः या गोल टोकाखालची मान किंवा तिच्या खालचा उंचवट्याचा भाग मोडतो. घरातल्या घरात, उभ्या उंचीवरून पडणे एवढे कारणही त्यासाठी पुरते. वाढत्या वयात हाडे विरळ व ठिसूळ होणे (ऑस्टिओपोरोसिस) हे त्याचे मूळ कारण असून रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ते अधिक आढळते. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, मंद दृष्टी, स्नायूंची दुर्बलता आणि झोपेची किंवा रक्तदाबाची औषधे यांमुळे धोका वाढतो.

मानेच्या अस्थिभंगात गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता असते. म्हणून वृद्धांमध्ये बहुधा ते टोक काढून कृत्रिम टोक किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवतात. खालच्या भागातील अस्थिभंग स्क्रू-पट्टी किंवा हाडाच्या पोकळीत घातलेल्या सळईने जोडला जातो. कोणती शस्त्रक्रिया झाली यावर पुनर्वसनातील पथ्ये अवलंबून असतात.

विश्रांतीकडून हालचालीकडे

शस्त्रक्रियेची साधने सुधारण्यापूर्वी पायाला वजन बांधून रुग्णाला अनेक आठवडे खाटेवर निजवून ठेवणे हाच प्रमुख उपचार होता. हाड कधी जुळे, कधी जुळत नसे. परंतु दीर्घकाळ पडून राहिल्याने शय्याव्रण, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या आणि मानसिक गोंधळ हे विकार उद्भवत व तेच अनेकदा जीवघेणे ठरत. १९३१ मध्ये स्मिथ-पीटरसन यांनी प्रसिद्ध केलेली खिळ्याची पद्धत आणि १९६० च्या दशकात जॉन चार्नली यांनी रूढ केलेला कृत्रिम सांधा यांमुळे रुग्णाला लवकर उभे करणे शक्य झाले.

आज शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करावी आणि प्रकृतीस अडचण नसल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, असा सर्वमान्य संकेत आहे. तरीही वृद्धांमधील या अस्थिभंगानंतर वर्षभरात साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच पूर्वीइतके चालता येते. "हाड मोडले आहे, आता तीन महिने निजून राहा" हा घराघरांत मायेपोटी दिला जाणारा सल्ला म्हणूनच अपायकारक ठरतो.

घरातील पुनर्वसनाचे टप्पे

पहिल्या काही दिवसांत घोटा वर-खाली हलवणे, मांडीचे व नितंबाचे स्नायू आवळून सोडणे आणि टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवणे हे व्यायाम निजूनच केले जातात. त्यानंतर खाटेच्या कडेला बसणे, आधाराने उभे राहणे आणि वॉकरने खोलीत चालणे असा क्रम असतो. पायावर किती भार द्यायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतात. बहुतेक रुग्णांना सोसेल तेवढा भार देण्याची मुभा असते.

वॉकरने चालताना आधी वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय आणि शेवटी चांगला पाय पुढे टाकावा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, असा नियम आहे. काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. त्यामुळे खुब्यावरील भार कमी होतो. काठीची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी. पुढील महिन्यांत खुर्चीवरून हात न टेकता उठणे, टाचा उचलणे, तोल सांभाळणे आणि अंगणात चालण्याचे अंतर वाढवणे यांवर भर असतो. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत होतो. मात्र वर्षभर प्रगती चालू राहू शकते.

घरी केलेल्या व्यायामांच्या परिणामांवर संशोधन झाले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्प देखरेखीखाली घरी व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक क्षमता काही प्रमाणात सुधारली. २०१९ मधील दुसऱ्या चाचणीत सोळा आठवड्यांच्या गृहोपचारानंतरही घराबाहेर पुरेसे चालू शकणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे व्यायामासोबत आहार, मनःस्थिती व घरातील परिस्थिती यांकडेही लक्ष देणे महत्त्वाचे मानले जाते.

घराची रचना व राहणीमान

पाश्चात्त्य पुस्तिकांतील सूचना खुर्ची, पलंग व उंच शौचकूप गृहीत धरतात. महाराष्ट्रातील, विशेषतः ग्रामीण, राहणीमान जमिनीलगतचे आहे: पाटावर जेवणे, मांडी घालून बसणे, उकिडवे बसून शौचास जाणे, मोरीत बसून स्नान करणे. कृत्रिम सांधा बसवला असल्यास खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आतल्या बाजूस वळवणे हे साधारणतः सहा ते बारा आठवडे टाळण्यास सांगितले जाते, कारण सांधा निखळू शकतो. उकिडवे बसताना व खाली बसून उठताना या हालचाली सहज घडतात.

यावर साधे उपाय आहेत. झोळ पडलेल्या बाजेऐवजी टणक व पुरेशी उंच खाट वापरावी. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर येऊ नयेत इतकी खुर्ची उंच असावी व तिला हात असावेत. शौचासाठी कमोड-खुर्ची वापरावी, मोरीत न घसरणारी चटई व भिंतीला पकडदांडा बसवावा. उंच उंबरठ्याला उतार द्यावा, सुटी पायपुसणी काढून टाकावीत आणि रात्री खाटेपासून शौचालयापर्यंत उजेड ठेवावा. लुगड्याचा किंवा धोतराचा घोळ पायात येणार नाही याची काळजी घ्यावी. सैल सपातांऐवजी मागून बंद पादत्राणे असावीत.

शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. रुग्णाला काखेत हात घालून ओढून उठवणे दोघांनाही इजा करणारे असते. उठण्याची रीत भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या जागी जोरदार मालीश करू नये. पोटरी सुजणे व दुखणे, अचानक धाप लागणे, जखमेतून स्राव, ताप किंवा पाय एकाएकी आखूड दिसणे ही तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे होत.

महाराष्ट्रातील सोयी

२०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मुंबईत १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. मात्र घरी येणारे भौतिकोपचारतज्ज्ञ मुख्यतः शहरांतच मिळतात. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावातील रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी वाशीम, अकोला किंवा अमरावती गाठावे लागते. वाशीम व अमरावती येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. घरी परतल्यावर मात्र वारंवार शहरात जाणे वृद्धाला व कुटुंबाला कठीण जाते. त्यामुळे रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वीच कुटुंबातील एका व्यक्तीने व्यायाम शिकून घेणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना गृहभेटी यांची तरतूद आहे. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र वृद्धांना काठी, वॉकर व चाकांची खुर्ची विनामूल्य दिली जाते. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकरकमी मिळतात.

दुसऱ्या अस्थिभंगाचा प्रतिबंध

एकदा खुबा मोडलेल्या व्यक्तीचे पुन्हा हाड मोडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून हाडांच्या ठिसूळपणावरील औषध, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व वैद्यकीय सल्ल्याने सुरू करणे हा पुनर्वसनाचाच भाग समजला जातो. आहारात डाळी, दूध, दही, अंडी यांद्वारे पुरेशी प्रथिने असावीत. दृष्टीची तपासणी, चालू औषधांचा फेरविचार आणि तोलाचे व्यायाम यांनी पडण्याचा धोका कमी होतो. पुन्हा पडण्याच्या भीतीने अनेक वृद्ध चालणे सोडतात; त्यातून स्नायू क्षीण होऊन पडण्याची शक्यता उलट वाढते.