बजबजचा धक्का

मराठीत 'धक्का' म्हटले की दोन गोष्टी कळतात. एक माणसाला बसतो तो, आणि दुसरा, जिथे जहाज लागते तो. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठी बजबज नावाचे गाव आहे. तागाच्या गिरण्यांचे, तेलाच्या टाक्यांचे. तिथला इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. सतरा वर्षांच्या अंतराने या धक्क्यावर परदेशातून परतलेली माणसे उतरली. एकाला घ्यायला खास गाडी आली होती. दुसऱ्यांसाठीही खास गाडीच उभी होती, पण तिच्यात बसायला त्यांनी नकार दिला.

पहिले स्वामी विवेकानंद. 19 फेब्रुवारी 1897 रोजी सकाळी ते बजबजहून आगगाडीने सियालदहला पोचले, तेव्हा स्टेशनावर लोक लोटले होते. या प्रसंगाची आठवण बजबजमध्ये आजही जपली जाते. पण विवेकानंदांची श्रद्धा त्या हारांमधून आलेली नव्हती. पाच वर्षांपूर्वी, 1892 मध्ये, हाच अनोळखी संन्यासी पुण्यात टिळकांच्या घरी काही दिवस राहिला होता. त्याच्याजवळ पैसा अजिबात नव्हता, असे टिळकांनीच पुढे आठवणीत नोंदवले. 1893 च्या उन्हाळ्यात शिकागोला पोचल्यावर कळले, की परिषद सप्टेंबरात आहे आणि ओळखपत्राशिवाय कोणी उभे करणार नाही. जवळचे पैसे संपत चालले होते. त्या आठवड्यांत परत फिरणे सोपे होते. ते फिरले नाहीत. आणि बजबजला उतरल्यावर अडीच महिन्यांच्या आत, 1 मे 1897 रोजी, त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. जयजयकार विरायच्या आत त्यांनी तो कामाला लावला.

दुसरे आगमन 29 सप्टेंबर 1914 चे. 'कोमागाता मारू' हे जपानी जहाज सिंगापूर-मलायात व्यापार करणाऱ्या गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतले होते. त्यांनी त्याला 'गुरु नानक जहाज' म्हटले. एप्रिलमध्ये हाँगकाँगहून निघालेल्या या जहाजावर व्हँकुव्हरला पोचेपर्यंत 376 प्रवासी झाले: 340 शीख, 24 मुसलमान, 12 हिंदू. मायदेशाहून न थांबता, सलग प्रवास करून आलेल्यालाच उतरू देऊ, असा कॅनडाचा नियम होता. हिंदुस्थानातून तशी सलग बोटच नव्हती. नियमात वंशाचे नाव नव्हते, त्याची गरजही नव्हती. दोन महिने जहाज बंदरात उभे राहिले. व्हँकुव्हरमधल्या हिंदी मजुरांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून जहाजाच्या भाड्याचा हप्ता भरला, न्यायालयात दावा लढवला, आणि ते हरले. आधी कॅनडात राहून आलेले काही मोजके लोक सोडले तर बाकी सगळ्यांना 23 जुलैला परत फिरावे लागले.

वाटेत महायुद्ध सुरू झाले. कोलकात्याला आले तोवर सरकारने परतणाऱ्या माणसांना अडवण्याचा आणि स्थानबद्ध करण्याचा अधिकार देणारा वटहुकूम काढून ठेवला होता. जहाज बजबजला थांबवले गेले. पंजाबला नेणारी गाडी तयार होती. बहुतेक प्रवाशांनी ती नाकारली आणि गुरु ग्रंथसाहिब पुढे घेऊन ते कोलकात्याच्या रस्त्याने पायी निघाले. त्यांना अडवून परत आणले गेले. संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी मारले गेले, बरेचसे पकडले गेले. गुरदित सिंग अंधारात निसटले.

इथून पुढची त्यांची सात वर्षे मला जहाजाच्या प्रवासाहून महत्त्वाची वाटतात. वय पन्नाशीच्या पुढे. पैसा बुडालेला. आपल्या भरवशावर निघालेली माणसे आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर मेलेली. नाव बदलून, वेश बदलून हिंडताना हा माणूस स्वतःला काय सांगत असेल? लपून राहणे जमले होते, आयुष्य तसेच संपवता आले असते. पण 1921 च्या नोव्हेंबरात, गांधीजींच्या सल्ल्यावरून, ते नानकाना साहिबला उघडपणे पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यानंतरची बरीच वर्षे तुरुंगात गेली. सुटल्यावर त्यांनी त्या प्रवासाचा वृत्तांत स्वतः लिहून काढला, सरकारी अहवालाला उत्तर म्हणून.

1914 चे त्यांचे काम होते माणसांना पलीकडे पोचवण्याचे. ते बुडाले, आणि पुन्हा उभे राहणार नव्हते. 1921 मध्ये त्यांना सापडले ते वेगळे काम: काय घडले ते स्वतःच्या नावाने, तोंड न लपवता सांगण्याचे. गेलेली श्रद्धा परत येते असे आपण म्हणतो. खरे तर जुनी तशीच परत येत नाही. हातात जे उरले असेल त्यातून करण्याजोगे काम ओळखावे लागते, आणि ते करता करता श्रद्धा पुन्हा जुळते.

मराठी वाचकाला याची साक्ष घरातही मिळेल. बजबजच्या गोळीबारानंतर जेमतेम दोन महिन्यांत तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे गदर पक्षाच्या कामासाठी अमेरिकेहून कोलकात्याला उतरले. फेब्रुवारी 1915 चा उठाव फितुरीने फसला. तरीही पिंगळे मेरठच्या छावणीत शिरले, बाँबसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला फाशी गेले. त्याच पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, इराणमध्ये लढून, हरून, शेवटी मेक्सिकोत पोचले. देश नव्हता, बंदूक नव्हती. पण शेतकीचे शिक्षण होते. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना रंगवले. एकाने फसलेले कामच शेवटपर्यंत नेले, दुसऱ्याने नवे शोधले. कोणाची निष्ठा मोठी, हे मोजण्याचे माप माझ्याकडे नाही. दोघेही हरल्यानंतर थांबले नाहीत, एवढेच दिसते.

बजबजमध्ये 1952 साली पंडित नेहरूंच्या हस्ते कोमागाता मारूच्या हुतात्म्यांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. आकाशाकडे रोखलेल्या किरपाणासारखे ते दिसते. तेव्हा गुरदित सिंग नव्वदी ओलांडलेले होते. 1954 मध्ये ते गेले. बजबजच्या स्टेशनाच्या नावात आता जहाजाचेही नाव आहे. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 18 मे 2016 ला, तब्बल 102 वर्षांनी.

ती माफी योग्यच होती. पण नानकाना साहिबला पोलिसांसमोर उभा राहिलेला माणूस तिच्यासाठी थांबला असता, तर त्याचे आयुष्य लपण्यातच सरले असते. स्मारक, नाव, माफी हे सगळे मागाहून येते, कधी येतही नाही. त्याने त्याआधीच आपले नाव पुन्हा धारण केले होते.