फाइलचे पूर्ण नाव दिसू द्या!

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ई-मेलसोबत येणाऱ्या त्या फाइलचे नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ असे होते. विंडोजच्या मूळ रचनेमुळे अखेरचे ‘व्हीबीएस’ अनेकांना दिसलेच नाही. साधा मजकूर समजून उघडलेली फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम निघाली. तिने जेपीजी छायाचित्रांवर स्वतःची प्रत लिहिली. ती छायाचित्रे गेली ती गेलीच. एमपीथ्री गाणी मात्र केवळ लपवली होती. लपलेल्या फाइली पाहण्याची सोय ठाऊक असलेल्यांना ती परत मिळवता आली.

शेवटच्या टिंबानंतरच्या या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. दुहेरी क्लिक केल्यावर फाइल कोणत्या प्रोग्रॅमच्या हवाली करायची, हे विंडोज त्यावरूनच ठरवते. तरीही परिचित प्रकारांची ही खूण लपवण्याची प्रथा विंडोज ११ मध्येही कायम आहे. नाव बदलताना नवख्याकडून ती पुसली जाऊ नये, हे समर्थन आता लंगडे पडते. कारण विंडोज व्हिस्टापासून नाव बदलताना एक्स्टेन्शन वगळूनच निवड होते.

म्हणूनच सराईत वापरकर्ते नव्या संगणकावर प्रथम फाइल एक्स्प्लोररची घडी बदलतात. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि तेथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी. शेजारीच ‘हिडन आयटम्स’ आहे. ‘डिटेल्स’ मांडणी निवडल्यास ‘टाइप’ हा स्तंभ दिसतो. ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘अप्लाय टू फोल्डर्स’ने त्या प्रकारच्या सर्व फोल्डरांना तीच मांडणी लागू होते.

एक पळवाट मात्र उरतेच. शॉर्टकटचे ‘एलएनके’ हे एक्स्टेन्शन एवढे करूनही दिसत नाही. शॉर्टकटमधूनही आज्ञा चालवता येत असल्याने अनोळखी फाइलच्या चित्रावरील छोटा बाण आणि ‘टाइप’ स्तंभ पाहणे इष्ट.

दिवसभर फाइलींची हलवाहलव करणाऱ्यांना एक्स्प्लोरर अपुरा वाटतो. अशांपैकी अनेकजण स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिसलर यांचा ‘टोटल कमांडर’ वापरतात. १९९३ मध्ये ‘विंडोज कमांडर’ म्हणून आलेल्या या प्रोग्रॅमचे नाव मायक्रोसॉफ्टच्या आक्षेपानंतर २००२ मध्ये बदलले. पडद्याचे दोन भाग, एफ५ने प्रत, एफ६ने स्थलांतर ही डॉसवरील ‘नॉर्टन कमांडर’ची परंपरा त्याने जपली आहे. एक्स्टेन्शनसाठी तर तेथे प्रारंभापासूनच स्वतंत्र स्तंभ मांडलेला असतो.