पॅरिसचे पाच दिवस

परिषदेला किंवा संमेलनाला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो जेवणाचा. मग उतरायची सोय कशी होती, मंडप केवढा होता, अध्यक्षांचे भाषण किती लांबले. तिथे कोण काय म्हणाले हे विचारणारा एखादाच निघतो, आणि त्यालाही नीट उत्तर मिळत नाही. कारण जाऊन आलेल्यालाच ते आठवत नसते. ह्यात हसण्यासारखे काही नाही. सकाळ-संध्याकाळ निबंधांवर निबंध कानांवर पडल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहील? तरी माणसे जातात, पदरचे पैसे खर्चून जातात. ती का जातात, ह्याचे एक उत्तर सन १९०० च्या ऑगस्टात पॅरिसला भरलेल्या तत्त्वज्ञानाच्या परिषदेत सापडते. तत्त्वज्ञान हा शब्द वाचून कोणी पान उलटू नये. गोष्ट माणसांची आहे, आणि सांगणारा मॅट्रिकच्या पुढे न गेलेला एक शाळामास्तर आहे.

त्या वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. १४ एप्रिलला ते उघडले आणि १२ नोव्हेंबरला मिटले. तेवढ्या अवधीत तिथे जवळजवळ पाच कोटी भेटींची नोंद झाली. सीन नदीवर नवा पूल झाला होता, जुलैच्या १९ तारखेला जमिनीखालची मेट्रो धावू लागली होती, आणि प्रदर्शनात एक सरकती पायवाट होती. तिच्यावर नुसते उभे राहिले की माणूस पुढे जाई. ऑलिंपिकचे सामनेही त्याच साली तिथेच झाले. अशी जत्रा जमल्यावर विद्वान मागे कसे राहतील? निरनिराळ्या विषयांच्या शंभरांहून अधिक परिषदा त्या प्रदर्शनाला जोडून भरल्या. पदार्थविज्ञानाच्या परिषदेला आपले जगदीशचंद्र बोस गेले होते. सप्टेंबरात धर्मांच्या इतिहासावर परिषद झाली, तिच्यात स्वामी विवेकानंद बोलले.

तत्त्वज्ञांची परिषद १ ते ५ ऑगस्ट अशी पाच दिवस चालली. तत्त्वज्ञांची ही पहिलीच आंतरराष्ट्रीय परिषद. १८९३ साली निघालेल्या एका फ्रेंच तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाच्या मंडळींनी ती भरवली होती आणि एमिल बूत्रू तिचे अध्यक्ष होते. चार विभाग पाडले होते: सामान्य तत्त्वज्ञान, नीती, तर्कशास्त्र व विज्ञानाचा इतिहास, आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास. मोठमोठी नावे हजर होती. बर्गसाँ कार्यकारणभावावर बोलले, पाँकारे यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवर बोलले. त्यांची भाषणे छापलेली आहेत, ज्यांना गोडी आहे त्यांनी ती जरूर वाचावीत. आपल्याला मात्र तिसऱ्या विभागात, तर्कशास्त्रवाल्यांच्या बैठकीत जाऊन बसायचे आहे.

त्या विभागाची जुळवाजुळव करण्यात पुढाकार होता लुई कूत्यूरा ह्या बत्तीस वर्षांच्या फ्रेंच गृहस्थाचा. स्वतः मोठा शोध लावावा ह्यापेक्षा ज्यांची गाठ पडायला हवी अशा माणसांची गाठ घालून द्यावी, ह्या जातीची काही माणसे असतात. परिषदा त्यांच्या जिवावर चालतात. कूत्यूरा त्यांतला. एका तरुण इंग्रजाशी तीन वर्षे त्याचा पत्रव्यवहार चालला होता. त्याला त्याने पॅरिसला बोलावले. त्या तरुणाचे नाव बर्ट्रांड रसेल.

रसेल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९३ साली तो सातवा रँग्लर आला होता. रँग्लर हा शब्द महाराष्ट्रात समजावून सांगावा लागत नाही. त्याच परीक्षेत १८९९ साली आपले रघुनाथराव परांजपे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले. रसेलचे केंब्रिजमधले शिक्षक व्हाइटहेड हेही पॅरिसला आले होते. दोघांच्या बायका बरोबर होत्या. रसेलने स्वतः एक निबंध वाचला, काल आणि अवकाश यांतल्या क्रमाविषयी. त्याला खरी टोचणी होती ती मात्र वेगळ्याच प्रश्नाची. गणित इतके निश्चित आहे म्हणतात, पण ते उभे कशावर आहे? दोन म्हणजे काय? दोन आंबे नव्हेत, दोन पाय नव्हेत, नुसते दोन. हा प्रश्न पहिलीतले पोर विचारील तर आपण त्याला गप्प बसवू. रसेल काही वर्षे ह्याच प्रश्नाशी झटत होता आणि वाट मिळत नव्हती.

त्या बैठकीत तुरीनच्या विद्यापीठातले एक्केचाळीस वर्षांचे प्राध्यापक जुझेप्पे पेआनो बसले होते. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस. अंकगणिताची सगळी इमारत मोजक्या गृहीतकांवर उभी करून दाखवणारी लॅटिन पुस्तिका त्यांनी १८८९ सालीच काढली होती. पॅरिसला त्यांनी गणितातल्या व्याख्यांवर निबंध वाचला. पण रसेलच्या मनात ठसली ती त्यांची चर्चेतली रीत. पुढे आत्मचरित्रात त्याने हे लिहून ठेवले आहे. कोणताही वाद निघो, पेआनोंचे बोलणे इतरांपेक्षा नेमके असे आणि वादात सरशी त्यांचीच होई. एकदा झाले असते तर योगायोग म्हटले असते. पण दिवसामागून दिवस हेच पाहिल्यावर रसेलने मनाशी ताडले, की हा गुण ह्यांच्या चिन्हांच्या पद्धतीचा असला पाहिजे. तो उठून पेआनोंकडे गेला आणि त्यांची सगळी पुस्तके मागून घेतली.

हे छापील निबंधातून साधले असते का? मला वाटते, नसते. ह्याला पुरावा आहे. ज्या वाटेच्या शोधात रसेल होता, तिच्यावर एक जर्मन गणिती, येना गावचे गोट्लोप फ्रेगे, त्याच्या कितीतरी आधी पुढे गेलेले होते. त्यांचे १८७९ सालचे पुस्तक रसेलच्या एका शिक्षकांनी त्याला देऊनही टाकले होते. त्यांनी स्वतः ते वाचले नव्हते! ते घरात पडून होते, पण रसेलला त्यातले काही उमगेना. पुस्तक तोंड उघडत नाही. माणूस शंका घेणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, आणि ते कसे देतो हे बघणाऱ्याला दिसते.

पेआनोंनी केले तरी काय, हे दोन उदाहरणांनी सांगतो. "गोदावरी नदी आहे" आणि "नद्या जलप्रवाह आहेत" ही दोन वाक्ये व्याकरणाच्या तासाला आपण एकाच साच्यात बसवतो. पण पहिल्यात एका वस्तूला एका समूहात जागा दिली आहे, आणि दुसऱ्यात एक अख्खा समूह दुसऱ्या मोठ्या समूहात घातला आहे. हे दोन निरनिराळे संबंध. "आहे" ह्या एका शब्दाने दोन्ही झाकले जातात. पेआनोंनी त्यांना दोन निराळी चिन्हे दिली. दुसरे उदाहरण आमच्या धंद्यातले. एखाद्या वाडीवरच्या शाळेत चौथीच्या वर्गाचा पट एकाचा असतो. मग तो वर्ग आणि तो मुलगा एकच का? वर्ग बंद करता येतो, मुलगा बंद करता येत नाही. भेद इतका साधा आहे की तो कोणी सांगायला नको असे वाटते. पण तत्त्वज्ञानातले कित्येक घोटाळे त्या नजरचुकीतून झाले होते.

परत आल्यावर रसेल ऑगस्टभर ती पुस्तके वाचत बसला. सप्टेंबरात त्याने पेआनोंची रीत स्वतःच्या हाताने पुढे वाढवली. ऑक्टोबरपासून रोज दहा पाने, असे लिहीत लिहीत शतकाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९०० ला, त्याने एका मोठ्या ग्रंथाचा खर्डा हातावेगळा केला. इतका बौद्धिक आनंद आपल्याला आधी किंवा नंतर कधी झाला नाही, असे तो म्हातारपणी सांगे.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुमारास त्याला त्या नव्या इमारतीच्या पायातच एक चीर दिसली. ती अशी. शाळेत नोंदवह्या पुष्कळ असतात: हजेरीपट, जनरल रजिस्टर, डेड स्टॉकची वही. समजा, साहेबांचा हुकूम आला की ज्या नोंदवह्यांत स्वतःची नोंद नाही, तेवढ्याच सगळ्यांची एक नवी नोंदवही करा. हेडमास्तरांनी ती केली. आता ह्या नव्या वहीची नोंद तिच्यात करायची की नाही? न करावी, तर ती स्वतःची नोंद नसलेली वही ठरते, म्हणून करायला हवी. करावी, तर ती स्वतःची नोंद असलेली वही ठरते, म्हणून खोडायला हवी. शाळेत हेडमास्तर साहेबांना विचारून मोकळे होतील. पण नोंदवहीच्या जागी "समूह" हा शब्द घातला की हेच कोडे गणिताच्या मुळाशी जाऊन बसते, आणि तिथे विचारायला साहेब नाही.

आता फ्रेगेंचे ग्रंथ रसेलला उमगत होते. तीच चीर त्यांच्याही पायात आहे हे त्याने पाहिले आणि १६ जून १९०२ रोजी त्यांना पत्र लिहिले. फ्रेगे त्रेपन्न वर्षांचे होते. आयुष्यभराच्या कामाचा दुसरा खंड छापखान्यात होता. त्यांनी सहाव्या दिवशी, २२ जूनला उत्तर धाडले. त्यात राग नाही, सबब नाही. आपल्याला धक्का बसला आहे, पाया हलला आहे, पण शोध फार महत्त्वाचा आहे, असे त्यांनी मोकळेपणी मान्य केले. आणि १९०३ साली खंड निघाला तेव्हा शेवटी पुरवणी जोडून स्वतःच्या पद्धतीतला दोष वाचकांना सांगितला. सत्यनिष्ठेचे ह्याच्या तोडीचे उदाहरण आपल्याला ठाऊक नाही, असे रसेलने साठ वर्षांनी लिहिले. मी स्वतः ह्या सगळ्या हकीकतीत पेआनोंपेक्षा आणि रसेलपेक्षाही फ्रेगेंपुढे अधिक वेळ थांबतो.

पुढची काही वर्षे रसेलला कठीण गेली. १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत तो सकाळी कोरा कागद पुढे घेऊन बसे आणि संध्याकाळी बरेचदा तो तसाच कोरा असे. अखेर वाट सापडली, व्हाइटहेड बरोबर होतेच, आणि दोघांचा 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा ग्रंथ १९१० ते १९१३ ह्या काळात तीन खंडांत बाहेर पडला. एक आणि एक मिळून दोन होतात, ही गोष्ट त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या खंडात ३७९ व्या पानावर कुठे सिद्ध होण्याच्या बेताला येते! मुलांना हे जरूर सांगावे. फक्त पाढे म्हणायची वेळ टाळून सांगावे. ग्रंथाला सहाशे पौंड तोटा येणार असा केंब्रिजच्या छापखान्याचा अंदाज होता. तीनशे छापखान्याने सोसले, दोनशे रॉयल सोसायटीने दिले, आणि उरलेले शंभर लेखकांनी पन्नास-पन्नास भरले. दहा वर्षांच्या मेहनतीची आपली कमाई उणे पन्नास पौंड, असा हिशेब रसेलने मांडून ठेवला आहे. गणिती माणूस, चिन्ह चुकायचा नाही.

पेआनो मात्र दुसरीकडे वळले. पॅरिसला सगळ्या देशांचे लोक जमले खरे, पण एकमेकांशी बोलायचे कोणत्या भाषेत, हा विचार त्या दिवसांत बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळू लागला होता. जगाला एक समाईक भाषा हवी म्हणून कूत्यूराने चळवळ हाती घेतली. पेआनोंनी १९०३ साली विभक्तिप्रत्यय काढून टाकलेली सोपी लॅटिन पुढे आणली आणि १९३२ साली मृत्यू येईपर्यंत तिचा पाठपुरावा केला. तत्त्वज्ञांच्या परिषदाही चालू राहिल्या: १९०४ साली जिनिव्हा, १९०८ साली हायडेलबर्ग, १९११ साली बोलोन्या. पुढची १९१५ साली लंडनला घ्यायची ठरली होती.

३ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी फ्रेंच सैन्याच्या जमवाजमवीचे हुकूम घेऊन भरधाव निघालेल्या एका मोटारीची धडक कूत्यूराच्या गाडीला बसली आणि तो जागच्या जागी गेला. जन्मभर शांततेचा पुरस्कार करणारा माणूस, वय शेहेचाळीस. व्हाइटहेडांचा धाकटा मुलगा, पॅरिसच्या वेळी दोन वर्षांचाही न झालेला, १९१८ साली विमानदळात मारला गेला. रसेल त्या साली युद्धविरोधी लिखाणाबद्दल ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होता. तिथे बसून त्याने पेआनोंच्या अंकांपासून सुरू होणारे एक पुस्तक लिहिले, साध्या वाचकाला समजावे असे. लंडनची परिषद भरलीच नाही. ती मंडळी पुन्हा एकत्र जमली १९२४ साली, नेपल्सला.