रडीचा डाव कोणाचा?

रात्री झोप येत नाही तेव्हा मी फोनवर बुद्धिबळ खेळतो. यंत्राची पातळी मीच खाली आणलेली असते. घोडा फुकट गेला की चाल मागे घेतो, आणि तरीही जिंकल्यावर मनातून खूश होतो. यंत्राशी रडीचा डाव खेळलं तर त्याला थोडाच राग येणार आहे?

एकेकाळी मात्र याच रडीच्या डावावरून जगभर वाद झाला होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात जगज्जेत्या गॅरी कास्पारोवने आयबीएमच्या डीप ब्लूला ४-२ हरवलं. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा सहा डाव झाले आणि यंत्र साडेतीन-अडीच असं जिंकलं.

सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं ते यंत्र. पण कास्पारोवला खटकलं ते वेगळंच. त्याचे आयुष्यभराचे डाव समोरच्यांच्या हाताशी होते. त्याला मात्र या नव्या यंत्राचा एकही डाव पाहायला मिळाला नव्हता. शिवाय दोन डावांच्या मधे प्रोग्रॅममध्ये बदल करायला परवानगी होती. दुसऱ्या डावात यंत्राच्या खेळ्या त्याला माणसासारख्या वाटल्या. त्याने नोंदी मागितल्या; त्या आयबीएमने नंतर इंटरनेटवर टाकल्या. फसवणूक सिद्ध झाली नाही. कास्पारोवने पुन्हा सामना मागितला, पण डीप ब्लू निवृत्त झालं होतं.

मला वाटतं, तिथे नियम कोणी मोडला नाही. नियमच तोकडे होते. कास्पारोवने ते मान्य केले होते, हेही खरं. पण संशय उरला आणि विजयाला कायमचा चिकटला.

पुढच्यांनी त्यातून धडा घेतला. २००२ साली बहारीनमध्ये व्लादिमीर क्रामनिकला डीप फ्रिट्झची प्रत आधीच सरावाला मिळाली आणि सामना सुरू असताना प्रोग्रॅम बदलायला बंदी होती. निकाल ४-४. २००६ साली बॉनमध्ये तर सुरुवातीच्या खेळ्या यंत्र साठवलेल्या माहितीतून खेळत असेपर्यंत त्याचा पडदा क्रामनिकला दिसत होता.

आणि तरीही तो ४-२ हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून सुटली. पुढच्याच खेळीला वजीर राजाला भिडला आणि डाव संपला. माहिती दोघांना सारखी देता येते. पण माणसाची नजर चुकते, त्यावर कुठला नियम करणार?

क्रामनिकच्या त्या हरण्यावर मात्र कोणी शंका घेतली नाही. न्याय्य नियम जिंकून देत नाहीत. निकालावर विश्वास ठेवता येईल, एवढंच ते करतात.

काल रात्री मी पातळी वाढवली आणि एकही चाल मागे घेतली नाही. तेविसाव्या चालीला मात झाली. माझ्यावर.